घरचा माल आणि मोबाईलचा बाजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. मी काही व्याख्याती नव्हे. माहेर मुरबाडकडचे, सासर शहापूरचे. नाचणीचे पापड आणि कुरडया करून विकणारी मी तुमच्यातलीच एक. विषय दिला आहे तो व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवरून घरच्या मालाची विक्री कशी करावी, हा. जे हातून घडले आणि बिघडले, तेवढेच सांगते.

आपल्याला बाजार काही नवा नाही. पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा आपण लहानपणापासून पाहत आलो. तिथे बैल घेणारा माणूस आधी बैलाचे दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग पैशाची गोष्ट काढतो. मोबाईल हीसुद्धा एक जत्राच आहे, आणि ती बारा महिने भरलेली असते. फरक एवढाच, की तिथे गिऱ्हाइकाला दात पाहता येत नाहीत. आपण दाखवू तेच त्याला दिसते. म्हणून तिथे खरेपणाची जबाबदारी सगळी विकणारीवर येते.

हे मला ठेच लागल्यावर कळले. पहिल्या वर्षी माझ्या पापडांचा फोटो काही चांगला येईना. तेव्हा इंटरनेटवरून कुणाचा तरी सुंदर फोटो उचलला आणि तोच सगळीकडे पाठविला. मागण्या भराभर आल्या. डोंबिवलीच्या एका बाईंनी पाच किलो पापड मागविले. माझे पापड चवीला उत्तम होते. पण फोटोतल्यापेक्षा काळसर आणि आकाराने लहान. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिले, "दाखविले एक, पाठविले दुसरे." भगिनींनो, ते वाचून मला रडू कोसळले, पण त्यात खोटे काय होते? त्या हंगामाच्या मागण्या तिथेच थांबल्या. 28 किलो पापड घरात पडून राहिले आणि आषाढात त्यांना ओल धरली. मुलीच्या कॉलेजची फी त्यातून भरायची होती; ती उसनवारीने भरली.

पुढच्या वर्षी मी अंगणातल्या बाजेवर, सकाळच्या उन्हात, पापडाशेजारी स्वतःचा हात ठेवून फोटो काढला. रंग आहे तसा, आकार आहे तसा. डोंबिवलीच्या बाईंना चूक कबूल करून पत्र लिहिले आणि सोबत अर्धा किलो पापड पाठविले. त्याचे पैसे मागितले नाहीत. त्यांनी तेही आपल्या ग्रुपवर सांगितले. आज माझी निम्मी गिऱ्हाइके त्याच सोसायटीतली आहेत.

याहून मोठे उदाहरण हवे असेल तर लिज्जतचे घ्या. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेव्हा ना मोबाईल होता, ना हाती जाहिरातीला पैसा. माल एकसारखा ठेवायचा, हाच त्यांचा बाणा. टीव्हीवरची जाहिरात फार पुढे आली. आधी घरोघर नाव झाले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

आणि आपल्या शहापूरचेच पाहा ना. इथल्या कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करून विकायला घेतली. 2018 साली सुरू झालेल्या वन धन योजनेचा त्यांना आधार मिळाला, इंटरनेटवरूनही विक्री होऊ लागली आणि मोठ्या औषध कंपन्यांची मागणी आली. ज्या वेलीकडे आपण कुंपणावरचा पाला म्हणून पाहत होतो, तिला त्यांनी गिऱ्हाईक मिळवून दिले.

आता थोडे कामाचे. फोटोखाली वजन, किंमत, बनविल्याची तारीख आणि पोचविण्याचा खर्च स्पष्ट लिहावा. "भाव फोनवर विचारा" असे लिहिले की निम्मी माणसे विचारीतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी केली तर एकच निरोप अनेकांना जातो; मात्र ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये नोंदविलेला असतो, त्यांनाच तो पोचतो. तेव्हा पुडीवर नंबर छापून "नोंदवून ठेवा" असे सांगावे. खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून 14 अंकी क्रमांक पुडीवर घालावा. आसनगाव-खर्डीकडच्या बहिणींना लोकलची सोय आहे. मुरबाडकरणींना आधी कल्याण गाठावे लागते. म्हणून दोघीतिघींनी मिळून आठवड्याचा एक वार ठरवावा आणि माल एकत्र पाठवावा. पाड्यावर रेंज नसेल तर "उत्तर संध्याकाळी मिळेल" असे आधीच लिहून ठेवावे. गिऱ्हाईक थांबते, फसवणूक मात्र सहन करीत नाही.

फसवणूक दुसऱ्या बाजूनेही होते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवितो, पिन टाका" असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्या. आणि फसलातच, तर लाजून गप्प न बसता लगेच 1930 या क्रमांकावर कळवा.

शेवटची गोष्ट जरा नाजूक आहे. पण आपण घरच्याच आहोत. पापड आपण लाटतो, उन्हात आपण वाळवितो. फोन मात्र मुलाच्या हातात असतो आणि पैसे मालकांच्या खात्यात जमतात. मुलाकडून शिकावे, त्यात कमीपणा नाही. पण शिकून फोन आपल्या हाती घ्यावा आणि खाते आपल्या नावाचे असावे. यात कुणाशी भांडण नाही. माझ्याकडे वर्षाअखेरीचा हिशेब मी स्वतः वाचून दाखविते, आणि आमच्या घरात तो आता मान खाली घालून नव्हे, कान देऊन ऐकला जातो.

येत्या चैत्रात ज्यांना वाळवणाचा माल विकायचा आहे, त्यांनी मंडळात नाव द्यावे. फोटो काढायला मी स्वतः येईन. अट एकच, की माल तुमचा स्वतःचा हवा आणि फोटोही त्याचाच.