ओढा, ताप आणि पाडा

रानांतल्या खेड्यांतील जन्ममरण ही दैवाची गोष्ट, असें आपण शहरांतले लोक सहज म्हणतों. परंतु पूर्वीचा पश्चिम खानदेश, ज्याच्या वायव्य भागाचा १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा झाला, त्याचा इतिहास पाहतां दैवापेक्षां ओढ्याचा आणि घरांच्या संख्येचा हात त्यांत अधिक दिसतो.

१८०२ सालीं होळकरांच्या फौजेनें खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गांवेंच्या गांवें ओस पडलीं, शेतांवर रान माजलें. पुढें शांतता झाली तरी नवापूरकडील रानांत आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं सपाटीवरचा शेतकरी वस्तीस जाण्यास भिई. त्याला भय वाघाहून तापाचें. लोक दोष देत पाण्याला. दोष डांसाचा, हें रोनाल्ड रॉसनें १८९७ मध्यें सिकंदराबादेस दाखविलें; पण तो डांस गवताळ कांठाच्या संथ ओढ्यांतही वाढतो, तेव्हां लोक अगदींच चुकले नव्हते!

हिंवतापाला गर्दी लागत नाहीं. वीस घरांचा पाडाही पुरतो. गोवराचें उलट. तो लहान वस्तींत टिकत नाहीं. डोंगरांत घरें विखुरलेलीं, म्हणून पाडा वर्षानुवर्षें सुटे. मात्र धडगांवच्या बाजारांतून एकदां रोग आला कीं पूर्वी तो न झालेलीं लहानथोर सारीं एकदम अंथरुणाला खिळत, आणि पाणी द्यायलाही कोणी उरत नसे. मोठ्या गांवांत दोन तरुण स्त्रिया गेल्या तर दुःख होतें. पाड्यांत पुढें कित्येक वर्षें पाळणाच हलत नाहीं.

दुष्काळ तर जन्मांवरही घाला घालतो. उपाशी शरीराला गर्भ राहत नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ च्या शिरगणतींत खानदेशची वस्ती दहा वर्षांपूर्वींप्रमाणें चौदा लाखांच्या आसपासच राहिली.

मग भिल्ल आणि पावरा त्या तापांत टिकले कसे? एक कारण रक्तांत आहे. सिकलसेलचा गुण आईबापांपैकीं एकाकडूनच आला, तर मूल हिंवतापानें सहसा दगावत नाहीं. दोघांकडून आला, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि मूल जन्मभर वेदना सोसतें. दोघेंही वाहक असलीं, तर प्रत्येक खेपेस हा धोका चारांत एक. ओढ्याच्या तापापासून एका भावाला वांचविणाऱ्या गुणाची किंमत दुसरा भाऊ देतो. ताप आतां पुष्कळ ओसरला. गुण मात्र उतरतोच आहे, आणि म्हणून लग्नापूर्वीं रक्त तपासून घ्या, असें डॉक्टर तेथील तरुणांना सांगतात.