पडणाऱ्याला मत का द्यावं?

आमच्या कनेरगाव नाक्यावर कुठलीही निवडणूक आली की एक वाक्य ठरलेलं असतं: "पडणाऱ्याला मत देऊन वाया कशाला घालवायचं?" म्हणून आज सी. डी. देशमुखांबद्दल बोलू.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदच सोडलं. आणि १९६९ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. पाठिंबा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा. त्या पक्षांचं सगळं मला पटतं असं नाही. तरी मी तेव्हा आमदार असतो तर पहिली पसंती देशमुखांनाच दिली असती. खुर्ची सोडून दाखवलेला माणूस राष्ट्रपती भवनात हवा, एवढं साधं कारण.

आता वाया जाण्याचं बघा. राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, आणि मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. आपला उमेदवार बाद झाला की मत पुढच्या पसंतीला जातं. आम्ही कोडिंगवाले याला फॉलबॅक म्हणतो. आपल्याला विधानसभेला एकच बटण, म्हणून आपण घाबरतो. त्यांना ती भीतीच नव्हती.

देशमुख तिसरे आले, १,१२,७६९ मतांवर. पण व्ही. व्ही. गिरीसुद्धा पहिल्या पसंतीत ४,०१,५१५ वर अडकले होते, बहुमत नव्हतंच. देशमुखांच्या आणि इतर बाद उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली, तेव्हा कुठे गिरी ४,२०,०७७ वर गेले आणि संजीव रेड्डी हरले.