पंधरा वर्षं कुणाची मोजायची?



दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीत विडी कामगार बायांची दहा हजार घरकुलांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली तिथल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पुढं रे नगर ही दुसरी वसाहत उभी राहिली. तिथल्या ३० हजारांपैकी पहिली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. भाड्याच्या खोल्या सोडून माणसं हक्काच्या घरात आली. पण सरकारी मदत मागायला गेलं की प्रश्न येतोच, इथं कधीपासून राहता?

संजय गांधी निराधार योजनेत अर्जदार किमान १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. श्रावणबाळ योजनेतही तसंच. ही अट राज्याची आहे, गावाची नाही. महापालिकेची हद्द सोडून कुंभारीच्या ग्रामपंचायतीत आलात म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. तेव्हा घर बदलताना जुनं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेचे दाखले रद्दीत घालू नका. नव्या पत्त्याइतकीच जुन्या पत्त्याचीही गरज पडते.

मला खरी काळजी वाटते ती कर्नाटक सीमेपलीकडून आलेल्या सुनांची. इंडी, आळंद, अफजलपूरच्या लेकी आपल्याकडे सुना म्हणून येतात, आपल्या तिकडे जातात. सोयरीक जुळवताना राज्य कोण बघतं? लग्नाला आठ-दहा वर्षं झाली आणि नवरा गेला, तर पदरात लेकरं, मांडीवर विडीचं सूप आणि जन्माचा दाखला कर्नाटकातला. तिनं पंधरा वर्षं भरायची वाट बघायची? तोवर लेकरांची शाळा सुटलेली असेल.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा सरकारनंच यातून वाट काढली. आधी अधिवास दाखला मागितला, मग परराज्यात जन्मून महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईसाठी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास दाखला चालेल असं ठरवलं. नवरा हयात असलेल्या बाईला जे मिळालं, ते नवरा गमावलेलीला तर आधी मिळायला हवं.

अमेरिकेतही अनेक राज्यांत सरकारी मदतीसाठी एक वर्ष वास्तव्याची अट होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली ती रद्द केली. गरजू माणसाला नव्या ठिकाणी जाऊन राहण्यापासून अशी अट अडवते, म्हणून ती न्यायालयाला मान्य नव्हती. आपली अट तर पंधरा वर्षांची. आपल्याकडेही आधार जोडलेल्या रेशनकार्डावर देशात कुठंही धान्य घेता येतं. मग निराधार बाईचे महिन्याचे पैसे सीमेवर का अडावेत?

कुंभारीच्या बायांनी हा विषय ग्रामसभेत काढावा. निराधार योजनेत विधवेसाठी पतीचा रहिवास धरावा, असा ठराव लिहून घ्यावा आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे देऊन पोच घ्यावी.