रोमन पाटाच्या कडेनं सायकल



दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदी समुद्राला मिळण्याआधी जो सखल, उन्हाचा, द्राक्षमळ्यांचा टापू लागतो, तिथं सायकलनं फिरायचं असेल तर काय करावं आणि काय टाळावं, हे आज सांगणार आहे. हल्ली पुण्या-मुंबईकडची मंडळी सायकली घेऊन युरोपात जातात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढं आल्प्स असतो. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला आल्प्स नको, हा टापू घ्या. खंबाटकी किंवा वरंध घाट चढलेल्या माणसाला इथले चढ जड जाणार नाहीत, आणि वाटेत जे बघायला मिळतं ते दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

रोमन लोक इथं इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात स्थिरावले. इ. स. पूर्व 118 पासून त्यांनी इटलीहून स्पेनकडे जाणारा रस्ता बांधायला घेतला. त्याचं नाव व्हिया डोमिशिया. त्या काळी माणूस पायी किंवा बैलगाडीनं जाई, त्यामुळं गावं आणि मुक्काम त्या बेतानं वसले. ऑरांज, नीम, आर्ल ही रोमन शहरं एकमेकांपासून सायकलच्या एका दिवसाच्या आत येतात. मोटारीतून हीच शहरं एका दुपारी उरकता येतात, आणि संध्याकाळी कमान कुठली नि थिएटर कुठलं यात गोंधळ उडतो. म्हणून दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच ठेवा. सकाळी सायकल, दुपारनंतर दगड.

आता पहिला नियम, आणि तो वाऱ्याचा आहे. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे मिस्त्राल नावाचा वारा सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा मात्र ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. तो समोरून आला तर सपाट रस्त्यावर घाटाचा गिअर टाकावा लागतो. बाजूनं आला तर त्याहून वाईट, कारण भरलेल्या पिशव्या शिडासारख्या फुगून सायकल रस्त्याच्या मधोमध नेतात. इथल्या शेतांच्या कडेला सायप्रस झाडांच्या दाट रांगा दिसतील. त्या शोभेसाठी नाहीत, वारा अडवण्यासाठी आहेत. जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडक्याही क्वचितच असतात. तेव्हा प्रवासाची सुरुवात उत्तरेला करा आणि वाऱ्याला पाठीशी घ्या. वारा फारच माजला, तर त्या दिवशी सायकल खोलीवर ठेवून संग्रहालय गाठावं. त्यात कमीपणा नाही.

उत्तरेची सुरुवात वेझों-ला-रोमेनपासून करता येते. या गावाला रेल्वे नाही, म्हणून आगगाडीनं ऑरांजला उतरा आणि तीसेक किलोमीटर सायकलनं या. गावात रोमन वस्तीचे दोन मोठे भाग उघडे केलेले आहेत: घरं, दुकानांची रांग, सार्वजनिक शौचालयसुद्धा. पण मला विचाराल तर तिथला पूल बघा. उव्हेझ नदीवर एकाच कमानीचा, साधारण 17 मीटर गाळ्याचा रोमन पूल आहे. 22 सप्टेंबर 1992 रोजी या नदीला भयंकर पूर आला. पाणी पुलाच्या वरून गेलं, माणसं दगावली, घरं वाहून गेली. पुलाचे वरचे कठडे गेले, कमान जागच्या जागी राहिली. आजही गावकरी त्यावरून ये-जा करतात.

या पुराची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण ऋतूचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथं जाऊ नका. पारा पस्तिशीच्या वर जातो, खोल्या भरलेल्या असतात, आणि वणव्याच्या भीतीनं डोंगरातल्या जंगलवाटा बंद करतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. सप्टेंबरही छान, पण तेव्हा समुद्रावरची दमट हवा डोंगरांना धडकून काही तासांत महिन्याचा पाऊस पाडू शकते. फ्रेंच हवामान खातं जिल्ह्यागणिक नारिंगी आणि लाल इशारे देतं. ते रोज सकाळी बघा. लाल असेल तर नदीकाठची वाट सोडा, आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसलं तरी ओलांडू नका.

वेझोंहून ऑरांजला परतलात की तिथलं रोमन थिएटर चुकवण्यासारखं नाही. रंगमंचामागची भिंत 103 मीटर लांब आणि 37 मीटर उंच आहे, आणि ती अजून उभी आहे. मात्र उन्हाळ्यात तिथं संगीत महोत्सव असतो, तेव्हा मंचावर आधुनिक सांगाडे चढतात.

तिथून रोन ओलांडून युझेसला या, पन्नासेक किलोमीटर. इथून पुढचा एक दिवस हा या सगळ्या प्रवासाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युझेसच्या खालच्या दरीत एक झरा आहे. नीम शहराला पाणी हवं होतं, म्हणून रोमन स्थापत्यकारांनी पहिल्या शतकात तो तिकडे न्यायचं ठरवलं. युझेस ते नीम सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. पण मध्ये चुनखडीच्या खडकाचा, काटेरी झुडपांचा उंचवटा आडवा येतो. त्याला वळसा घालत त्यांनी सुमारे 50 किलोमीटरचा बंदिस्त पाट काढला. आणि या एवढ्या लांबीत पाणी एकूण उतरतं किती, तर साडेबारा मीटरच्या आसपास. किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटीमीटर! आजची मोजणीची यंत्रं नसताना.

पुस्तकात हा आकडा वाचला तर तो नुसता आकडा राहतो. पायांनी मोजला की कळतो. युझेसहून नीमचा थेट हमरस्ता गार्दों नदीच्या घळीत उतरतो आणि पुन्हा चढतो. तिथं वाहनंही फार. तो रस्ता घेऊच नका. पाण्यानं घेतली ती वाट धरा. आधी व्हेर गावाकडे चला. तिथं द्राक्षमळ्यांच्या कडेला, झाडीत, पाटाच्या मोडक्या कमानी दिसू लागतात. तिकीट नाही, पाटी असलीच तर छोटी. पाटाच्या आतल्या भिंतींवर चुन्याचे जाड थर साचलेत. शतकानुशतकं पाणी वाहिल्याची ती खूण.

मग येतो पों द्यु गार. गार्दों नदीवर कमानींचे तीन मजले, उंची सुमारे 49 मीटर. खालचे दोन मजले चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून उभे केलेत, आणि दगड जवळच्याच खाणीतला पिवळसर. भिंतीतून काही दगड बाहेर आलेले दिसतील. ते सजावट नव्हेत, बांधकामाच्या वेळी पहाड टेकवायला ठेवलेले आहेत. पाणी सर्वात वरच्या मजल्यातून जाई. आपण चालतो तो रस्त्याचा पूल अठराव्या शतकात खालच्या मजल्याला लागून बांधलेला आहे. तिथं गर्दी असते, तेव्हा सायकलवरून उतरून चालत जा. सकाळी नऊच्या आत पोचलात तर पूल जवळजवळ तुमच्या एकट्याचाच.

बहुतेक प्रवासी इथून माघारी फिरतात, तुम्ही फिरू नका. पुढं सेर्नाक गावाजवळ याच पाटाचे डोंगरात खोदलेले बोगदे आहेत, भिंतींवर टिकावाचे घाव अजून दिसतात. डोक्याला लावायची बॅटरी सोबत असू द्या. आणि संध्याकाळी नीममध्ये शिरल्यावर भव्य आखाडा बघण्याआधी एका साध्या गल्लीत जा. कठड्याच्या आड दगडी गोल हौद दिसेल, त्याच्या कडेला दहा भोकं. पन्नास किलोमीटर आलेलं पाणी इथं पडे आणि शिशाच्या नळांतून शहरभर वाटलं जाई.

नीमहून पूर्वेला बोकेरच्या दिशेनं व्हिया डोमिशियाची जुनी रेघ शेतांतून जाते. तिथं तीन मैलाचे दगड एकाच जागी उभे आहेत: ऑगस्टस, टायबेरियस आणि अँटोनायनस पायस या तीन सम्राटांच्या काळचे. प्रत्येकानं रस्ता दुरुस्त केला आणि आपला दगड रोवला. रस्त्याच्या कामावर नाव कोरायची हौस जुनीच म्हणायची.

आर्लमध्ये एक पूर्ण दिवस द्या. रोनच्या गाळातून काढलेली 31 मीटर लांबीची रोमन मालवाहू होडी तिथल्या संग्रहालयात आहे, आणि शेजारी दारू-तेलाच्या उंच दुमुठी कुंभांच्या रांगा. असल्या कुंभांची खापरं आपल्याकडे नेवासे आणि तेर इथल्या उत्खननांत मिळाली आहेत. भारत-रोम व्यापाराचं हे दुसरं टोक आहे.

आर्लहून ईशान्येला फोंव्हिएयजवळ बार्बगाल आहे. उतारावर दोन रांगांत सोळा पाणचक्क्या होत्या, दुसऱ्या शतकातल्या. पिठाची गिरणीच ती! आज ऑलिव्हच्या झाडांमध्ये दगडी पायऱ्यांसारखे अवशेष उरलेत. अलीकडे संशोधकांनी तिथला चुन्याचा थर तपासला, तेव्हा चक्क्या दरवर्षी काही महिने बंद राहत असं दिसलं. त्यावरून त्यांचा तर्क असा की, जहाजांवरच्या टिकाऊ बिस्किटांसाठी हे पीठ दळलं जात असावं. पुढं सँ-रेमीला ग्लानुम या प्राचीन शहराचे अवशेष, आणि ताकद असेल तर कावायोंहून जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेनं तीन कमानींच्या पों ज्युलियां पुलापर्यंत. इ. स. पूर्व 3 मधला हा पूल 2005 पर्यंत मोटारींची वाहतूक झेलत होता.

आता सामानाचं. दोन आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर सायकल तिथं भाड्यानं घ्या, फक्त आपली सीट आणि पेडल न्या. टायर किमान 35 मिलिमीटर रुंद हवा, कारण वाटेत खडी आणि माती दोन्ही आहेत. वाहतूक उजवीकडून चालते. खरा धोका शहरात नसतो, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर असतो, कारण तिथं हात सवयीनं डावीकडे वळतो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट कायद्यानं बंधनकारक आहे, आणि कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे.

खेड्यांतली दुकानं दुपारी बंद होतात, सोमवारी पुष्कळदा दिवसभर. पाव-चीज-फळं सकाळीच घ्या. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: तापनाद नावाची ऑलिव्हची चटणी दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यात बहुधा अँचोव्ही मासा वाटलेला असतो. विचारून घ्या. चौकातल्या नळावर पिण्यायोग्य नसल्याची पाटी आहे का, तेही बघा.

राहण्यासाठी ‘आक्यय व्हेलो’ अशी पाटी शोधा. सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या या घरांत सायकल कुलपात ठेवायची सोय असते. स्थानिक गाड्यांत सायकल सहसा नेता येते, वेगवान गाडीत मात्र तिची जागा आधी राखून ठेवावी लागते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. त्यासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्याची पॉलिसी घेताना सायकलप्रवासातली दुखापत तिच्यात धरली आहे की वगळली आहे, हे बारीक अक्षरात शोधा आणि कंपनीकडून लेखी घ्या.