गुलाबी गहूं

काणीसारख्या रोगांपासून बचाव व्हावा म्हणून पेरणीपूर्वीं बियाण्यास औषध चोळण्याची चाल जुनी आहे. या कामीं पाऱ्यापासून केलेलीं औषधें फार गुणकारी ठरलीं. त्यांतील मेथिल-पारा अल्प मात्रेंत बुरशी मारतो. परंतु तोच पोटांत गेला म्हणजे मेंदूपर्यंत पोंचतो. १९४० सालीं हंटर, बॉम्फर्ड व रसेल यांनीं असलें औषध करणाऱ्या इंग्लंडांतील कारखान्याच्या चार कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली. हातापायांस मुंग्या, चालतांना झोक जाणें, नळींतून पाहिल्याप्रमाणें दृष्टि आकसणें, हीं लक्षणें तेव्हांच नोंदलीं गेलीं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण इराकांत मात्र खोटी पडली. १९५६ व १९६० सालीं तेथें पाऱ्याचें औषध लावलेलें बियाणें खाऊन लोक दगावले होते. तरीहि १९७१ मध्यें मेथिल-पारा चोळलेला सुमारें ७३,००० टन गहूं बियाण्यासाठीं परदेशांतून आला. तो गुलाबी रंगविलेला होता व पोत्यांवर इशाराहि होता. पण स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेंत! कित्येक गांवीं पेरण्या उरकल्यावर पोतीं पोंचलीं. घरांत गहूं आहे, मग रोट्या भाजल्या गेल्या.

यास निव्वळ अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होईल. कित्येकांनीं धान्य धुतलें. रंग उतरला, तेव्हां विषहि उतरलें असें त्यांस वाटलें. कांहींनीं आधीं कोंबड्यांस घालून पाहिलें. त्या ठणठणीत राहिल्या. सोमल खाल्लेला मनुष्य लवकरच तळमळूं लागतो. हें विष मात्र कित्येक आठवडे गप्प बसतें. तोंवर घरांतील लहानथोर रोज तेंच जेवीत होते.

इस्पितळांत ६,५३० रोगी आले, त्यांतील ४५९ दगावले. घरींच मेलेले या गणतींत नाहींत. गर्भार स्त्रियांस किरकोळ त्रास झाला असतांहि त्यांचीं मुलें मेंदूनें अधू जन्मलीं. औषधानें रक्तांतील पारा कमी करतां आला. मेंदूंतील मेलेल्या पेशी परत आणतां आल्या नाहींत.

स्वीडननें मेथिल-पाऱ्याचा हा उपयोग १९६६ सालींच बंद केला होता. भारतांत उसाच्या बेण्यास लावीत तें पाऱ्याचें औषध निराळें, त्याहून सौम्य. त्यावरहि ऑगस्ट २०१८ पासून बंदी आहे. औषध लावलेलें बियाणें आजहि रंगवूनच विकतात. पेरून उरलेलें तसलें धान्य धुऊन दळावयास कोणी काढीत असेल, तर त्यास वेळींच थांबवावें.