कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमधली, दहा मिनिटं काहीतरी उपयोगाचं बोल." म्हणून आमच्या वसाहतीच्या वाचनालयात आम्ही काही जण महिन्यातल्या एका रविवारी जी कार्यशाळा घेतो, तिच्याबद्दल बोलते. ईमेल कुलूपबंद कशी करायची आणि आपली खासगी माहिती कशी जपायची, हा तिचा विषय. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे, काही गृहिणी, काही कॉलेजची मुलं.

सुरुवात आम्ही 'च'च्या भाषेनं करतो. आठवतेय ना? शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि पुढे 'च' लावायचा. शाळा म्हणजे 'चळाशा'. मागच्या बाकावर ही भाषा अखंड चालायची आणि बाईंना सगळं कळायचं, कारण नियम कळला की गुपित संपलं. ऑगस्ट केर्कहॉफ्स या अभ्यासकानं १८८३ साली हेच लिहून ठेवलं आहे: पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये, किल्ली तेवढी गुप्त हवी.

मग टेबलावर पितळी कुलपं मांडतो, सगळी उघडी. मी माझं उघडं कुलूप कुणालाही देते. ते दाबून पेटी बंद करणं कुणालाही जमतं, पण उघडायची किल्ली फक्त माझ्याकडे. फिल झिमरमन यांनी १९९१ साली 'पीजीपी' हा प्रोग्राम लोकांच्या हाती दिला, तो याच तत्त्वावर चालतो. आणि त्यामागचं गणित आपण इथंच शिकलो. ११ आणि १३ चा गुणाकार तोंडी येतो. पण १४३ चे मूळ अवयव पाडा म्हटलं की क्षणभर थांबावं लागतं. आता १४३ च्या जागी सहाशेहून जास्त अंकी संख्या घ्या. आजचे संगणकही तिथे हात टेकतात. १९७७ सालच्या आरएसए पद्धतीचा सगळा भरवसा या अडचणीवर आहे. गणिताच्या बाई, अवयवांचा कुठे उपयोग होतो, याचं उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलं होतं!

ईमेल म्हणजे उघडं पोस्टकार्ड, असं पूर्वी सांगत. एकदा टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "पोस्टकार्डसुद्धा थैलीत बंद होऊनच जातं हो." अगदी बरोबर. आज बहुतेक ईमेल वाटेत बंद थैलीतूनच जातात, पण दोन्हीकडच्या कचेऱ्यांत थैली उघडते आणि तिथे मजकूर वाचता येतो. स्वतःचं कुलूप लावलं तर तिथेही तो बंद राहतो. पाकिटावरचं नाव, पत्ता आणि वेळ मात्र तरीही दिसतात. नेहमीच्या पद्धतीत विषयाची ओळही उघडीच राहते.

याच काकांनी पुढचा प्रश्न विचारला, "हे कुलूप तुमचंच कशावरून? मधल्यानं स्वतःचं कुलूप तुमचं म्हणून माझ्या हातात ठेवलं तर?" या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. त्यासाठी प्रत्येक कुलपाला चाळीस अक्षरी ठसा असतो आणि तो एकमेकांना फोनवर किंवा समोरासमोर वाचून दाखवायचा असतो. व्हॉट्सअॅपमध्येही प्रत्येक संपर्कासाठी साठ अंकी सुरक्षा कोड असतो. तो इथे किती जणांनी पडताळून पाहिला आहे? हात वर करा. बघा, एकही नाही.

हे सोपं नाही, हे मान्य. १९९९ साली अमेरिकेत व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी बारा जणांना पीजीपी वापरून पाहायला लावलं. नव्वद मिनिटांत जेमतेम एक तृतीयांश लोकांना नीट जमलं. म्हणून ईमेलचं कुलूप आम्ही प्रात्यक्षिक म्हणून दाखवतो. ज्यांना गरज आहे, त्यांना वेगळं बसवून शिकवतो. बाकीचा वेळ, किल्ली कुणाकडे आहे, या एकाच प्रश्नाला देतो.

एका रविवारी सगळे गेल्यावर एक बाई थांबल्या. त्यांना डॉक्टरांचे रिपोर्ट ईमेलवर हवे होते आणि ते घरात इतर कुणी वाचू नयेत, अशी इच्छा होती. खातं त्यांच्या नावाचं होतं, पासवर्डही त्यांनी बदलला होता. तरी गुपित फुटत होतं. आम्ही सेटिंग उघडून पाहिलं. पासवर्ड विसरल्यास ज्या नंबरवर संदेश जातो, तो नंबर त्यांचा नव्हता. शिवाय ते खातं घरातल्या दुसऱ्या एका फोनवर अजून उघडं होतं. आम्ही नंबर बदलला आणि तो फोन खात्यातून बाहेर काढला. दहा मिनिटांचं काम. जाताना त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं झालं."

"आपल्याला लपवण्यासारखं काय आहे?" असं कुणी विचारलं की मला त्या बाई आठवतात. आपण चोर नसलो तरी घराला दार असतंच. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका केली तेव्हा पुट्टस्वामींनी ऐंशी ओलांडली होती. तेव्हा "या वयात हे कशाला?" असं इथल्या कुणीही म्हणू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. आपणच किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली तर कुठलंही कुलूप उपयोगाचं नाही. पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून "डिजिटल अरेस्ट"ची भीती घालणारे तेच करतात. अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवा आणि घरच्यांशी बोला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. लाजून गप्प बसलात तर तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात जातात.

आज घरी गेल्यावर तीन कामं करा. ईमेलचा पासवर्ड इतर कुठल्याही पासवर्डसारखा नाही ना, ते पाहा. खात्यातला नंबर आणि उघडी उपकरणं तपासा. आधारची प्रत द्यावी लागली तर शक्यतो शेवटचे चारच अंक दिसणारी द्या.

शेवटचं काम आपल्या सगळ्यांचं आहे. आपली स्मरणिका छापायला जाणार आहे. मागच्या पानांवर सगळ्यांची जन्मतारीख, मोबाइल, घरचा पत्ता आणि मुलांची नावं द्यायचं ठरलं आहे. प्रेमापोटीच ठरलं आहे, पण ही पानं कुणाच्या तरी फोनमधून फोटो होऊन बाहेर जाणारच. माझी विनंती आहे, नाव, गाव आणि तुकडी एवढंच छापू या. बाकीचं ज्यांनी त्यांनी एकमेकांना स्वतः सांगावं. त्या निमित्तानं एकेक फोन तरी होईल.

आणि शाळेनं परवानगी दिली तर नववी-दहावीच्या मुलांसाठी आणि आपल्या निवृत्त शिक्षकांसाठी अशी कार्यशाळा मी इथे येऊन घेईन. कुलपं माझी. चहाचं तुम्ही बघा.