वाळूतलं पाऊल
माऊलींची पालखी नीरास्नान करून आपल्या सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड. रस्ता पक्का. त्या साली मी मनात मोजत चाललेलो, "ही माझी विसावी वारी!" बरडला तळपाय फोडांनी भरले, अभिमान मात्र शाबूत.

पंढरीत चंद्रभागेच्या वाळवंटात उतरलो अन् पाय रुतला, तोल गेला. सांगलीकडच्या एका म्हाताऱ्या माऊलीनं हात दिला. म्हणाली, "बुवा, वाळूत टाच रोवू नका, पाऊल हलकं टाका." मागं वळून पाहिलं, तर माझं पाऊल नाहीच, त्यावर दहा जणांची उमटलेली. बरं का, जिथं पाऊल उरत नाही, तिथं 'माझी वारी' कुठून उरणार? विठ्ठल विठ्ठल!